दीड तासावरचं गोंदिया

कोल्हापूर ते गोंदिया हे अंतर हवेतून साधारण ८३० किलोमीटर आहे आणि विमानाला ते कापायला दीड तास लागतो. फक्त असं विमान नाही.

ही माहिती मला संगणकाने दिली. जगातल्या कोणत्याही दोन विमानतळांची नावं त्याला द्या, तो अंतर सांगतो, वेळ सांगतो, न विचारता दिशाही सांगतो. त्याची रीत सोपी आहे. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वी म्हणजे ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोळा आहे असं धरायचं आणि त्या गोळ्यावरून जाणारी सर्वांत जवळची वाट काढायची. मग ताशी आठशेच्या वेगाने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास वर घालायचा. विमान आहे का, असलं तर कोणत्या वारी, तिकीट कितीला, ही चौकशी तो करत नाही. पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींसारखं त्याचं काम असतं. गुण जुळले, विषय संपला. मुलगा-मुलगी एकमेकांना भेटणार आहेत की नाहीत, ते तुमचं तुम्ही बघा.

हीच जोडी का, तर महाराष्ट्रात लांबी मोजण्याचं खरं सरकारी माप बदली हे आहे आणि त्या मापाची ही दोन टोकं. चिडलेला साहेब हाताखालच्या माणसाला गडचिरोली दाखवतो. जरा कमी चिडलेला असला तर गोंदियावर भागवतो. माझ्या मावसभावावर कुणी चिडलं नव्हतं. यादी लागली आणि तीत त्याचं नाव होतं, इतकंच. मावशीला ही बातमी कळली तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "गोंदिया म्हंजे आपल्यातच येतंय न्हवं?"

"येतं की."

"मग कशाला काळजी."

पुढे तिने नातवाच्या खोलीतला नकाशा पाहिला. अंगठा कोल्हापूरवर ठेवला आणि करंगळी ताणली. वीत पुरली नाही. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

तिची समजूत घालावी म्हणून मी संगणकाला विचारलं होतं. "मावशी, दीड तासाचा तर प्रश्न आहे," असं मी मोठ्या थाटात म्हणालो. "कशानं?" "विमानानं." "मग विमानानंच जाऊ दे की त्याला. पैसं मी देते." इथे मला विषय बदलावा लागला.

तो गेला रेल्वेने. कोल्हापूरहून गोंदियाला जाणाऱ्या गाडीचं नाव महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, आणि एखाद्या गाडीने आपलं नाव इतक्या गांभीर्याने घेतल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. तेराशेहून अधिक किलोमीटर ती धावते आणि सबंध प्रवासात राज्याबाहेर पाऊल टाकत नाही. दुपारी कोल्हापूर सोडते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला टेकते. हवेतले ८३० आणि रुळांवरचे तेराशे, यांतला फरक कुठे जातो हे पाहायचं तर नकाशा घेऊन बसावं. गोंदिया कोल्हापूरच्या ईशान्येला. गाडी निघते, मिरज-सांगली करते, कऱ्हाड घेते, सातारा घेते आणि रात्री पुण्यात येते. पुणे रेखांशाने कोल्हापूरच्याही पश्चिमेला आहे. म्हणजे अर्धा दिवस प्रवास करून, डबा खाऊन, वरचा बर्थ कुणाचा यावर वाद घालून माणूस पूर्वेकडे जायचं सोडून जरा पश्चिमेलाच सरकलेला असतो. पुणे स्टेशनावर उभ्या असलेल्या त्या गाडीला गोंदिया, सरळ रेषेत मोजलं तर, जेमतेम ऐंशी किलोमीटर जवळ आलेलं असतं. एवढ्यासाठी सव्वातीनशे किलोमीटर रूळ खर्ची पडलेले असतात.

पण ही तक्रार मी करणार नाही. ती करायची तर सह्याद्रीकडे, दख्खनच्या पठाराकडे आणि ज्या काळात ज्याच्या सोयीने रूळ पडले त्या काळाकडे करावी लागेल. शिवाय या वळशात गाडीला जे मिळतं ते सरळ जाणाऱ्याला मिळत नाही. जयसिंगपूरला डब्यात भडंग येतो. दौंडला चहा येतो. अहिल्यानगरनंतर सगळे झोपलेले असतात, म्हणून मनमाडबद्दल कुणी फारसं सांगत नाही. सकाळ खानदेशात उजाडते आणि शेगावला कचोरी खिडकीशी येते. दरम्यान भाषा पायरी-पायरीने उतरत जाते. कोल्हापूरला "काय रं" म्हणून सुरू झालेली गाडी भुसावळला खानदेशी हेल घेते, अकोल्याला "काहून" म्हणते, नागपूरनंतर हिंदी आणि मराठी एकमेकींच्या मांडीवर बसतात, आणि तुमसर-तिरोडा ओलांडेपर्यंत डब्यातली चर्चा ऊस सोडून धानावर आलेली असते. मावसभावाच्या शेजारचा बर्थ म्हणे नागपूरपर्यंत चार वेळा बदलला. चौघांनीही त्याला एकच प्रश्न विचारला: "बदली का?" त्याच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं असावं.

विमानाची रेषा मात्र कुणालाच भेटायला थांबत नाही. एकदा मी पट्टी घेऊन ती नकाशावर आखली. कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून निघालेली रेषा मोहोळच्या आसपास पंढरपूर आणि सोलापूर यांच्या मधून निसटते, धाराशिवला हात लावून लातूरच्या अंगावरून जाते, मग नांदेड. नांदेडला मी थांबलो, कारण मोजलं तेव्हा ते बरोबर मधोमध निघालं. इतकं मधोमध, की कुणी मुद्दाम गाव वसवताना दोरी धरली असावी अशी शंका यावी. तिथून पांढरकवडा, उमरेड आणि शेवटी नागझिऱ्याच्या जंगलावरून रेषा बिरसीच्या धावपट्टीवर उतरते. बिरसी हे गोंदियाबाहेरचं, कामठ्याजवळचं गाव.

या रेषेवर प्रत्यक्ष आयुष्य काढलेला एक माणूस मात्र होऊन गेला. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. उमेदीची वर्षं त्यांनी नवेगाव बांध आणि नागझिऱ्याच्या रानात घालवली, आणि म्हातारपणी पुन्हा सोलापूर गाठलं. वनखात्यातली बदली इतकी सत्कारणी लावलेला दुसरा माणूस शोधायला हवा.

कागदावरची रेषा निरुपद्रवी असते. हीच दिशा धरून आखलेला शक्तिपीठ महामार्ग पाहा. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, मूळ आखणीत ८०२ किलोमीटर, वाटेत यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर. ती रेषा आखणाऱ्याची पट्टी कोल्हापूर जिल्ह्यात आली आणि उसात अडकली. ऊस कुणाचा तरी असतो. विमानाचं बरं असतं, त्याला सातबारा लागत नाही.

आणि ही रेषा सरळ आहे हेही तसं खरं नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे विमान पृथ्वीच्या पाठीवरून वाकून जातं. अगदीच सरळ जायचा हट्ट असेल तर कोल्हापुरातून बोगदा खणावा लागेल. तो नांदेडखालून साडेतेरा किलोमीटर खोलीवरून जाईल, म्हणजे माणसाने आजवर खणलेल्या सर्वांत खोल भोकाहूनही खालून. रशियातलं कोला इथलं ते भोक बारा किलोमीटरच्या थोडं पुढे जाऊन थांबलं. एवढा उपद्व्याप करून वाचणारं अंतर सहाशे मीटरच्या आत-बाहेर भरतं. कोल्हापुरात बिंदू चौकातून अंबाबाईच्या महाद्वारापर्यंत चालत जाऊन येण्याची तयारी असली, तर तो बोगदा रद्द केला तरी चालेल.

गोंदियाला जाऊन महिना झाल्यावर मावसभावाने फोनवर एक शोध सांगितला. तो रोज संध्याकाळी घरी फोन करायचा. "आई, दिवे लावले का?" तो विचारायचा. "आत्ता कुठलं? ऊन हाय अजून दारात," मावशी म्हणायची. त्याच्याकडे तोवर अंधार पडलेला असायचा. दोघांच्या घड्याळात वेळ एकच. मावशीला हे काही केल्या पटेना. तिला वाटे, पोरगं ऑफिसातून उशिरा येतंय आणि लपवतंय.

पोरगं निर्दोष होतं. कोल्हापूर आणि गोंदिया यांच्या रेखांशात सहा अंशांचं अंतर आहे आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. म्हणजे गोंदियाला डोक्यावर आलेला सूर्य कोल्हापूरला डोक्यावर यायला चोवीस मिनिटं घेतो. हिवाळ्यात गोंदियाचा दिवस कोल्हापूरहून लहान असतो, त्यामुळे संध्याकाळची ही तफावत अर्ध्या तासावर जाते. संगणकाने दीड तास म्हणून सांगितलेला प्रवास सूर्य रोज चोवीस मिनिटांत करतो, ताशी पंधराशेहून अधिक वेगाने, आणि तोही उलट्या दिशेने: गोंदियाहून कोल्हापूरला. त्याची परतीची बदली रोज होते. हे मी मावशीला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपलं घड्याळ बरोबर का त्याचं?"

आता खुद्द विमानतळांविषयी. कोल्हापूरचा जुना आहे. राजाराम महाराजांच्या पुढाकाराने १९३९ साली तो सुरू झाला. संस्थानी थाट म्हणून सुरू झालेली ती जागा, पुढे मधली कित्येक वर्षं तिथे विमानापेक्षा विमान येणार असल्याच्या बातम्या जास्त उतरल्या. २०२४ मध्ये नवी इमारत झाली आणि आता तिथे बऱ्यापैकी जाग असते. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, इंग्रजांनी केलेली. आज तिचा मोठा उपयोग वेगळाच आहे: तिथे वैमानिक घडवणारी शाळा आहे. दिवसभर छोटी विमानं उडतात, घिरट्या घालतात आणि जिथून उडाली तिथेच उतरतात. मावसभाऊ म्हणतो, गोंदियाच्या आकाशात विमान दिसलं नाही असा दिवस नाही, फक्त त्यातलं एकही कुठे जात नाही. खाली धानाच्या बांध्यांत सारस पक्षी उभे असतात. महाराष्ट्रात ते मुख्यतः इथेच टिकून आहेत. तेही फारसे कुठे जात नाहीत.

प्रवासी विमान गोंदियाला अधूनमधून लाभतं. २०२२ मध्ये इंदूर-गोंदिया-हैदराबाद असं सुरू झालं, थांबलं. २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा हैदराबादचं आलं. हैदराबादला कोल्हापूरहूनही विमान गेलेलं आहे. दोन्ही पत्ते एकाच वेळी हाताला लागले, तर कोल्हापूर-हैदराबाद साडेचारशेच्या आतले आणि हैदराबाद-गोंदिया पाचशेच्या थोडे वर, मिळून साडेनऊशे किलोमीटर. सरळ जाण्यापेक्षा जेमतेम सव्वाशे जास्त. रेल्वेच्या वळशापुढे हे काहीच नाही. फक्त महाराष्ट्रातून महाराष्ट्रात जाताना मध्ये तेलंगणात उतरून चार तास बसावं लागतं. बिर्याणी खायला तेवढे तास पुरेत, पण रोज नाही खाऊ शकत माणूस.

लहान गावं मोठ्या शहराला जोडायची आणि आपसांत जोडायची नाहीत, ही विमान कंपन्यांची चाल जगभर तीच आहे. तिचं कारण दुष्टपणा नव्हे, खुर्च्या आहेत. 'उडान' योजना आली तेव्हा सरकारने तासाभराच्या, म्हणजे पाचशे किलोमीटरच्या टप्प्याला अडीच हजार रुपयांची मर्यादा घातली, तीही विमानातल्या निम्म्या खुर्च्यांना. २७ एप्रिल २०१७ रोजी पहिली विमानं सुटली, त्यात नांदेड-हैदराबादही होतं. आपलं मधोमधचं नांदेड! त्याला पंख फुटल्यावर त्याने कोल्हापूरकडे पाहिलं नाही आणि गोंदियाकडेही पाहिलं नाही. सरळ हैदराबाद गाठलं.

उलट उदाहरणं नाहीत असं नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यांतल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून विमान जातं. अंतर २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली आहेत. वारा मनासारखा असला तर मिनिटाच्या आत काम होतं. कोल्हापूरच्या रंकाळा तलावाला एक फेरी मारायची म्हटलं तरी याहून जास्त चालावं लागतं. पण मध्ये समुद्र आहे, आणि पलीकडे शाळा, दवाखाना, माणसं आहेत. तिथे कुणी अंतर विचारत नसेल. पावसाळ्यात पूल बुडालेल्या गावच्या माणसाला हे लगेच कळेल.

वेळापत्रकातला वेळ हा स्वतंत्रच प्रकार आहे. चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून दुसऱ्या गावी ते परत लावेपर्यंतचा काळ कंपनी मोजते. धावपट्टीकडे रांगत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर जागा मिळेतो ताटकळणं, सगळं त्यात आलं. आणि वर थोडा जास्तीचा वेळही घातलेला असतो, म्हणजे उशिरा निघून वेळेवर पोहोचल्याचं श्रेय घेता येतं. शिवाय संगणकाने धरलेला वेग जेट विमानाचा. लहान गावांत बहुधा बहात्तर जणांचं पंख्याचं एटीआर येतं, ते ताशी पाचशेच्या आसपास जातं. म्हणजे दीडाचे दोन तास झाले. घरातून निघणं, तासभर आधी पोहोचणं, बिरसीहून गावात जायला गाडी शोधणं धरलं की अर्धा दिवस सहज सरला. तरी मावशीच्या दृष्टीने हा सौदा उत्तमच होता.

म्हणून गेल्या दिवाळीत मावसभाऊ घरी आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी बसून त्या विमानाच्या बहात्तर खुर्च्या भरायला घेतल्या. पहिली खुर्ची अर्थातच त्याची. मग गोंदियात अडकलेले कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचे मास्तर, तलाठी, पोलीस, बँकवाले. हे पंधरावीस धरले. गुळाचे व्यापारी चार. गोंदियाच्या भातगिरण्यांचे मालक चार, पण तांदूळ विकायला ते इकडे कशाला येतील, इथे आजऱ्याचा घनसाळ आहे, असा आक्षेप निघाला आणि त्यांना अंबाबाईच्या दर्शनाला आणलं. नागझिऱ्याला वाघ बघायला जाणारे दहा. मावसभावाने मध्येच सांगितलं की ही सगळी माणसं दिवाळीला एकदाच आणि एकाच दिशेने प्रवास करतील. परतताना विमान रिकामं. त्याला गप्प बसवण्यात आलं. एवढं करून चाळिशी गाठली आणि गाडं अडलं.

तेव्हा मावशी म्हणाली, "नांदेड मधोमध हाय म्हणालास न्हवं? मग तिथं पाच मिंटं थांबवा. वन्संच्या घरची धा माणसं चढतील."

सूचना वाईट नव्हती. नांदेडचे दहा घेतले. नांदेड घेतलं म्हटल्यावर काकांनी लातूर काढलं; शिकवणीला गेलेल्या पोरांचे आईबाप काही कमी नाहीत. लातूर दिलं तर सोलापूर का नको, चादरी घेऊन माणसं येतील. उमरेडबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं, तरी वाटेत आहे म्हणून तेही धरलं. खुर्च्या भरून उतू जाऊ लागल्या. प्रत्येक थांब्याला अर्धा तास धरून मी बेरीज केली, ती कुणी ऐकून घेतली नाही.

इतका वेळ सुपारी कातरत बसलेले मामा तेव्हा बोलले. "बाकी समदं ठीक हाय. पुण्याला किती वाजता पोचतंय?"

पुणे वाटेत लागत नाही, असं मी नकाशा पुढे करून सांगितलं.

"पुणं वाटंत लागत नाही, असं कसं हुईल?" मामा म्हणाले, आणि अडकित्ता बाजूला ठेवून त्यांनी नकाशा हातात घेतला, उलटा केला आणि पुन्हा पाहिला.